भरल्या घरची बाई

केशरबाईनं उकळतं पाणी थेट परातीतल्या पिठावर ओतलं, तशी पुढं बसलेली एक म्हातारी ओरडली,

"अगं बाई, हात पोळंल!"

"पोळू द्या. पानी गार झालं, की ह्या मिलोची भाकरी तव्यावर पडायच्या आदीच तुकडं तुकडं व्हती." केशरबाईनं उलथण्याच्या दांड्यानं पीठ कालवलं, परातीवर ताट झाकलं आणि पदरानं कपाळ टिपलं.

मिरजगावच्या पुढं पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. दुपारची सुट्टी झालेली. सकाळपासून माती वाहणाऱ्या बायका बाभळीच्या विरळ सावलीत दाटीवाटीनं बसल्या होत्या. कुणाच्या डोक्यावर अजून चुंबळ तशीच. त्यांच्या मधोमध एका फळीवर निळ्या रंगाचा वातीचा स्टो आणि मागं तीनचाकी टेम्पो. टेम्पोच्या अंगावर 'सुलभा स्टो, नगर' एवढीच अक्षरं होती.

त्या साली रेशनला मिलो यायची. बोटीतून आलेली ती तांबडी ज्वारी आपल्याकडच्या कुणी कधी पाहिलेली नव्हती. पिठाला विरी, चिकटपणा म्हणून नाही. थापायला घ्यावी तर काठ चिरायचे, उचलायला जावं तर निम्मी परातीत आणि निम्मी हातात. बायका रडकुंडीला यायच्या. पोटात भूक आणि पुढ्यात पीठ, आणि दोहोंच्या मध्ये भाकरी काही होत नव्हती.

"ह्यो उपाय मला कुनी दाखवला ठावं हाय का?" केशरबाईनं ताट बाजूला केलं. वाफ तोंडावर आली. "माझ्या शालननं. धाकटी लेक माझी. तांबडी भाकरी बघितली की ताटावरनं उठायची. म्हनायची, आई, ही भाकर हाय का वीट?"

बायका हसल्या.

"एक दिस रुसूनच पीठ मळाया बसली, नि रागाच्या भरात चहाचं आधन वतलं परातीत. मी धावले तिला मारायला. मग म्हटलं, अन्न हाय, टाकायचं कसं? बघू तर थापून." बोलता बोलता तिचे हात चालू होते. पीठ ऊन असतानाच मळलं, ओल्या तळव्यानं गोल फिरवलं, थापलं, आणि अख्खी भाकरी दोन्ही हातांवर घेऊन तव्यावर टाकली. काठाला एक चीर नव्हती. भाकरी फुगली, तसा बायकांच्या तोंडून 'आँ' निघाला.

"आमचे मालक मुकाट खात्यात. पर भाकरी मोडलेली असली, की भिंतीकडं तोंड करून खात्यात. त्या दिवशी पयल्यांदा माझ्याकडं बघून खाल्ली."

भाकरीचे तुकडे हातोहात फिरले. मग कुणीतरी विचारलंच, "बाई, ह्यो इस्टू केवढ्याला?" तेव्हा कुठं टेम्पोचा ड्रायव्हर अल्लाबक्ष खाली उतरला आणि त्यानं छापील कागद वाटले. मिलोची भाकरी, मिलोचं धपाटं, मिलोच्या कण्या कशा करायच्या, ते त्यावर लिहिलं होतं. स्टोचं नाव आणि दुकानाचा पत्ता अगदी तळाला, बारीक अक्षरात.

ही सारी कल्पना राधाकृष्णशेठची. नगरात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं आणि नव्यानंच त्यांनी हे स्टो करवून घेतले होते. पहिल्या दिवशी त्यांनी केशरबाईला समोर बसवून सांगितलं होतं,

"बाई, स्टो घ्या असं म्हणायचं नाही. म्हटलं की माणूस सावध होतो, खिसा धरतो. लोकांना माल नको असतो, अडचणीतून वाट हवी असते. ती आपण दाखवायची, फुकट दाखवायची. काम झालं की लोक विचारतात, वाट दाखवणारा कोण, कुठला. मग दुकान आपोआप सापडतं त्यांना."

"नि न्हाई सापडलं तर?"

"तर निदान भाकरी तरी खातील." शेठ हसले. मग जरा विचार करून म्हणाले, "आणखी एक. बायका बाईचं ऐकतात, आणि त्यातही भरल्या घरच्या बाईचं. घरात सहा माणसं आहेत म्हणून सांगत जा."

केशरबाईच्या घरात एकच माणूस होतं. माळीवाड्यात छबूबाईच्या घरामागं एक खोली. लग्नानंतर तिसऱ्या वर्षी नवरा मुंबईला गेला तो गेलाच. तिकडं त्यानं दुसरं घर केल्याचं आधी कानावर आलं, पुढं तेही यायचं बंद झालं. केशरबाईनं कुंकू पुसलं नव्हतं. पुसायचं कारण कुणी कळवलं नव्हतं. मूलबाळ झालं नाही. इतकी वर्षं ती मुलांच्या एका बोर्डिंगात स्वयंपाक करत होती. दुष्काळ पडला, मुलं गावी गेली आणि बोर्डिंगची चूल थंड झाली.

उकळत्या पाण्याची युक्तीही तिचीच. एका संध्याकाळी खोलीत एकटीच पिठाशी झुंजत असताना ती तिला साधली होती. फुगलेली भाकरी फडक्यात धरून ती दारापर्यंत आली होती. दाखवायला कुणी नव्हतं. मग तिनं ती उभ्याउभ्याच खाल्ली.

शेठनं सहा माणसं सांगितली, पण नावं दिली नव्हती. पहिल्याच गावात एकीनं विचारलं, "पोरं किती?" केशरबाईच्या तोंडून निघून गेलं, "दोन ल्योक, एक लेक." दुसऱ्या गावात नावं आली, मधुकर, दिगंबर, शालन. तिसऱ्यात सासू आली, जिला दात नव्हते आणि भाकरी दुधात कुस्करून लागायची. मालक आले. आणि मग काय झालं कोण जाणे, बाकीची माणसं जिथल्या तिथं राहिली, शालन मात्र वाढू लागली. तिला भरतकाम येऊ लागलं. तिचे केस गुडघ्यापर्यंत गेले. तिला पाली भिववू लागल्या. रोज परतीच्या वाटेवर टेम्पोत बसल्या बसल्या केशरबाई उद्या शालननं काय करावं, ते ठरवायची. आणि खोलीचं कुलूप काढताना क्षणभर आतून कुणी 'आले गं' म्हणेल असं वाटून हात थांबायचा.

अल्लाबक्ष रोज सकाळी त्या खोलीच्या बोळापाशी टेम्पो उभा करायचा. त्याला सगळं माहीत होतं. तो कधी काही बोलला नाही. फक्त एकदा चांदबिबीच्या महालाखालून जाताना त्यानं समोर रस्त्याकडं बघत विचारलं,

"आक्का, शालनचं वय काय धरलंय तुमी?"

"सतरा."

"मग आता स्थळं येत्याल," तो म्हणाला. थट्टा नव्हती त्याच्या आवाजात.

त्या दिवशी मिरजगावच्या कामावर सामान आवरून झालं, बायका पाट्या उचलून पुन्हा बांधाकडं निघाल्या, तेव्हा एक बाई मागं रेंगाळली. पन्नाशीची, उंच, कपाळाला कुंकू नाही. तिनं परात धुवायला हात लावला आणि परात धुता धुता म्हणाली,

"मी राहीबाई. पल्याडच्या वस्तीवरची. तुमचं आडनाव काय, बाई?"

"गुंजाळ."

"म्हंजी सोयरीक बसती." राहीबाईनं परात पालथी घातली. "हे बगा, खरं म्हंजी दिराला म्होरं धाडायला पायजे. पर आदी बायाबायांत बोलावं म्हटलं. माझा भीमा हाय, एकुलता. मुकादमाच्या हाताखाली हाय आत्ता, पाऊस पडला की आपली शेती हाय. सुपारीच्या खांडाचं बी व्यसन न्हाई. तुमच्या शालनला मागनी घालते मी."

केशरबाईच्या हातातला तवा फळीवर टेकला.

"अवो, तुमी तिला बघितली बी न्हाई."

"बघायची काय? मागं बी एकदा तुमी आलावता, तवा बी ऐकलं, आज बी ऐकलं. रागाच्या भरात बी जिच्या हातनं अन्न सुधारतं, ती पोर माज्या घरात पायजे. हुंडा नगं, मानपान नगं. नगरात कुठं ऱ्हाता?"

आता 'नाही' म्हणायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की बाई, ती सगळी बोलायची गोष्ट. पण कुणी शालनला मागणी घातली आहे, हे केशरबाईच्या अंगात असं काही भरून आलं, की तिनं पत्ता सांगितला. माळीवाडा, छबूबाईच्या घरामागं.

"बगू, काम उरकलं की येऊ," राहीबाई म्हणाली आणि पाटी उचलून बांधाच्या रांगेत मिसळली.

दुसऱ्या दिवशी केशरबाई शेठपुढं उभी राहिली. शेठनं सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला नाही; उलट ते खुर्चीत पुढं सरकले.

"मागणी आली? शालनला?" त्यांनी मांडीवर थाप मारली. "बाई, म्हणजे मनात जाऊन बसली गोष्ट. लाख रुपयांची जाहिरात करून हे होत नाही."

"शेठ, ती बाई खरंच येईल."

"यायच्या आधी सांगा, ठरलंय म्हणून. एका वाक्याचं काम. लेकीबाळींची लग्नं ठरतातच." शेठ थांबले. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आणि ठरलंच आहे, तर असं करा. पुढच्या गावापासून सांगा, की शालनच्या रुखवतात तुम्ही आपला स्टो दिला. लेकीला धूर लागू नये म्हणून. घ्या म्हणायचं नाही, नुसतं दिला म्हणायचं. लग्नसराई येतेच आहे."

वाईट बोलले नव्हते ते. त्यांच्या परीनं त्यांना वाटच दिसली होती. केशरबाई "बरं" म्हणून दुकानाची पायरी उतरली.

पुढचं गाव श्रीगोंद्याच्या बाजूचं होतं. ओळखीची माणसं नव्हती, बायका नव्या होत्या. भाकरी फुगली, बायका हसल्या, सगळं नेहमीसारखं झालं. मग केशरबाई म्हणाली, "माझ्या शालनचं आता ठरलंय." बायकांचे चेहरे उजळले. एकीनं विचारलं, कुठं दिली. दुसरी म्हणाली, आता तुमच्या हाताखाली कोण? केशरबाईनं पुढचं वाक्य बोलायला तोंड उघडलं. रुखवतात. धूर लागू नये म्हणून. सगळे शब्द तयार होते. तिनं तोंड मिटलं आणि हातातलं उलथणं खाली ठेवलं. तव्यावरची भाकरी करपायला लागली. अल्लाबक्षनं बिडी विझवली, पुढं होऊन भाकरी उलटली आणि बायकांना म्हणाला, "कागद घ्या, माय. सगळं लिवलंय त्यात."

माळीवाड्याच्या बोळापाशी ती उतरली, तेव्हा तो म्हणाला, "उद्या सुट्टी हाय, आक्का. झोपा जरा."

ती झोपली नाही. सकाळी तिनं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं, शेगडीत कोळसे घातले, पण स्वयंपाकाचं मन होईना. एका माणसासाठी परात काढायची तिची सवयच गेली होती; सुट्टीच्या दिवशी चहा आणि पावावर भागायचं. ती तशीच बसून राहिली होती, तोवर दारात सावली पडली.

"घावलं बाई घर," राहीबाई म्हणाली. "भीमाला मुकादमानं पहारी आनाया धाडलंय, म्हनून त्याच्याच संगं आले. त्यो लोखंडाच्या दुकानात हाय. म्हटलं आदी आपन बोलू."

केशरबाई उठली, पोतं अंथरलं, पाण्याचा तांब्या पुढं ठेवला. तिच्या लक्षात आलं, की कुंकू लावायचं राहिलंय. ती पाठ करून ते लावू लागली आणि आरशात तिला दिसलं, की राहीबाई खोली बघते आहे.

बघायला फार काही नव्हतं. दोरीवर एक लुगडं. कोपऱ्यात एक वळकटी. फळीवर एक ताट, एक वाटी. दाराशी चपलांचा एक जोड, त्याच्याजवळ आता राहीबाईच्या वहाणा. राहीबाईची नजर या सगळ्यावरून एकदा गेली, पुन्हा एकदा गेली, आणि मग तिनं ती उचलून आपल्या हातांवर ठेवली.

"शालन कुठं हाय?" तिनं विचारलं.

"मामाकडं. राहुरीला."

"नि सासूबाई?"

"त्या बी गेल्यात." केशरबाई खाली बसली. "समदीच गेल्यात."

बाहेर छबूबाईचा हंडा नळाच्या चौथऱ्यावर आपटला. पहाटेची एस.टी. धरून, आठवड्याची एकुलती एक सुट्टी मोडून राहीबाई आली होती. ती उठून गेली असती, चार शब्द टाकून गेली असती, तरी केशरबाईला ते मान्य होतं. ती त्याचीच वाट बघत होती.

"राहीबाई," शेवटी तीच म्हणाली, "शालनचं ठरलं. ह्याच आठवड्यात. तुमाला सांगाया येनारच हुते मी."

राहीबाईनं पाण्याचा तांब्या उचलला, वरून घोट घेतला, खाली ठेवला.

"घर चांगलं हाय?"

"हाय."

"पोरगा?"

"निर्व्यसनी हाय."

"नि सासू?"

केशरबाईनं पहिल्यांदा तिच्याकडं पाहिलं. "सासू तुमच्यावानी हाय."

"मंग ऱ्हाईल सुखात," राहीबाई म्हणाली. तिचा आवाज हळू झाला. "पर बाई, ती गेली म्हंजी तुमाला घर लई मोकळं वाटंल."

केशरबाईला 'व्हय' म्हणायचं होतं. तिनं पदर तोंडाला लावला. आवाज न करता ती रडली, खूप वेळ रडली. नवरा गेला तेव्हा लोकांसमोर रडायची लाज वाटली होती, आणि नंतर लोक नव्हते. राहीबाईनं तिला थोपटलं नाही. ती उठली आणि शेगडीपाशी जाऊन बसली.

"पीठ कुठं हाय?"

"मी करते की..."

"बसा तुमी. रोज गावोगावच्या बायांना करून घालता." तिनं डबा हुडकला, आधण ठेवलं, परात पुढ्यात ओढली. जरा वेळानं पाणी ओतून पीठ कालवू लागली. केशरबाईनं डोळे पुसले आणि सवयीनं बोलून गेली, "पानी अजून उकळाया पायजे हुतं."

"गप ऱ्हावा."

भाकरीचे काठ चिरलेच. राहीबाईनं ती तशीच भाजली, ताटात घातली, वर चटणी आणि तेल टाकून केशरबाईपुढं सरकवलं. आपली भाकरी तिनं तळहातावर घेतली आणि त्यावरच चटणी ठेवून खायला लागली. दुसऱ्या ताटाचं तिनं नाव काढलं नाही.

मोडकी, एका बाजूनं जरा कच्ची भाकरी केशरबाई खात राहिली. याआधी शेवटचं कधी दुसऱ्या कुणाच्या हातचं अन्न पुढ्यात आलं होतं, ते तिला आठवेना.

स्टँडवर भीमा पहारींचा जुडगा खांद्यावर घेऊन उभा होता. काळासावळा, लाजरा. अंगावर धुतलेला सदरा होता आणि केसांना तेल लावलेलं होतं. त्याला काय सांगून आणलं होतं ते उघड होतं. त्यानं आईकडं पाहिलं.

"पोरगी ठरलीया आदीच," राहीबाई म्हणाली. "ह्या मावशी हायेत. पाया पड."

तो वाकला. केशरबाईचा हात त्याच्या डोक्यावर जरा जास्तच वेळ राहिला.

गाडी लागली. राहीबाई चढली, खिडकीशी बसली आणि गजांतून बाहेर वाकून म्हणाली, "तळ्याचं काम चैतापातूर हाय. यायचं झालं तर त्या टेम्पोची वाट बगत बसू नका. यस्टी थेट फाट्यावर थांबती."

केशरबाईनं मान हलवली. धूळ खाली बसेपर्यंत ती तिथंच उभी होती.

ती बोळात शिरली, तेव्हा छबूबाई नळापाशी हंडे मांडून बसली होती. नळाला पाणी आलं नव्हतं, आणि छबूबाईला वेळ होता.

"कोण गं आली होती? इतकी वर्षं झाली, तुझ्याकडं पाहुणा म्हणून बघितला नव्हता कधी."

"माहेरची," केशरबाई म्हणाली.

"कुठलं माहेर?"

"मिरजगावाकडचं."

"आणि कधी बोलली नाहीस ती."

"लांब पडतं," केशरबाई म्हणाली आणि खोलीकडं वळली. दारापाशी जाऊन थांबली. "पण यस्टी जाती," ती म्हणाली.